नेमके कोणते शाहू?

दरवर्षी २६ जूनच्या आसपास एक चूक हमखास नजरेस पडते. फोटो कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आणि खाली मजकूर असा, की यांनीच बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली. १७२० साली बाजीरावाला पेशवा केले ते साताऱ्याच्या शाहूंनी. १९०२ साली आपल्या संस्थानात मागास जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या त्या कोल्हापूरच्या शाहूंनी. मध्ये पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर आहे. चूक करणाऱ्याला मात्र फार हसू नये, कारण भोसले घराण्याची वंशावळ हाताशी ठेवूनही गोंधळ उडावा इतकी तीच ती नावे त्यात फिरून फिरून येतात.

याचे मूळ आपल्याकडच्या साध्या रिवाजात आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, किंवा घरातला कोणी अकाली गेला की त्याचे नाव पुढच्या मुलाला द्यायचे. मालोजींना नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले, म्हणून एक शहाजी आणि दुसरा शरीफजी, अशी आख्यायिका आहे. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले. त्यांच्या मुलांपैकी थोरला शहाजी आणि त्याच्या पाठचा सरफोजी. सरफोजी म्हणजे शरीफजीच, फक्त दक्षिणेत रुळलेला. पिराच्या नावांची ही जोडी अशी कावेरीकाठी पोचली. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे आपल्याला माहीत असलेले सरफोजी मात्र हे नव्हेत. ते दुसरे, १७९८ ते १८३२ या काळातले. त्यांच्या मुलाचे नाव शिवाजी. तो १८५५ साली वारला आणि तंजावरची गादी संपली.

संभाजी या नावाचेही तसेच. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात पडले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १६५७ साली पुरंदरावर सईबाईंना मुलगा झाला. त्याला काकाचे नाव मिळाले, असे मानले जाते. वढू-तुळापूरशी जोडलेले छत्रपती संभाजी ते हे. तिसरे संभाजी राजाराम महाराजांचे, राजसबाईंच्या पोटचे. ते १७१४ पासून कोल्हापूरच्या गादीवर होते. १७३१ चा वारणेचा तह झाला तो या संभाजींचा आणि साताऱ्याच्या शाहूंचा. तहाची तारीख न पाहता नुसते नाव वाचले, तर बापलेकांनी आपसात तह केल्यासारखे वाटते.

खरी गंमत शिवाजी या नावात आहे, आणि ती गंमत राजकीय आहे. संभाजी महाराजांच्या मुलाचे पाळण्यातले नाव शिवाजी. रायगड पडल्यावर तो मोगलांच्या कैदेत गेला आणि शाहू झाला. हे नाव औरंगजेबाने दिल्याचे सांगतात. इकडे ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजीच, आणि १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी त्यालाच गादीवर बसवले. दोघेही थोरल्या महाराजांचे नातू, त्यामुळे आजोबांच्या नावावर दोघांचाही सारखाच हक्क. १७०७ साली शाहू सुटून आल्यावर जी भाऊबंदकी पेटली, तिच्या दोन्ही टोकांना शिवाजीच होता. माझ्या मते इथून पुढे या घराण्यात नाव हे नुसते नाव राहत नाही, तो गादीवरचा दावा होतो.

कोल्हापूरने तर पुढे जोडीच जुळवली. संभाजी १७६० साली निपुत्रिक वारले. त्यांची राणी जिजाबाई. त्यांनी भोसल्यांच्याच खानवटच्या शाखेतला मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव ठेवले शिवाजी. म्हणजे इतिहासात जिजाबाई आणि त्यांचा शिवाजी दोनदा आहेत. कागदात ‘मातुश्री जिजाबाई’ दिसले की आधी साल पाहावे. याच दत्तकाच्या वाटेने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली शाहू झाले. ज्या शाहूंशी भांडून कोल्हापूरची गादी वेगळी झाली, त्यांचेच नाव तिथे दीडशेहून अधिक वर्षांनी सन्मानाने नांदू लागले. आज शाहू म्हटले की आपल्याला आधी हेच आठवतात.

इतके शिवाजी आणि शहाजी एका घरात असताना त्या काळच्या लोकांचे मात्र फारसे अडत नसे. कोल्हापूरच्या राजवाड्यात आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब अशी हाक मारायची नावे होती. साताऱ्याचे शेवटचे राजे शहाजी हे अप्पासाहेब म्हणूनच ओळखले जात. एरवी मराठीत ‘थोरले’ हा शब्द असतोच: थोरले शाहू, थोरले बाजीराव, थोरले माधवराव. पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे इतिहासकारांनी नंतर लावलेले, आणि तेही एकसारखे नाहीत. ताराबाईंच्या शिवाजीला दुसरा म्हणावे तर पुढचे सगळे एकेक पायरी सरकतात. कोल्हापूरच्या यादीत ज्याला एक क्रमांक आहे, त्याला दुसऱ्या पुस्तकात वेगळाच.

त्यापेक्षा मुद्रा बरी. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः’ आहे, म्हणजे शहाजीचा पुत्र. संभाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शिवजातस्य’. नावाबरोबर बापाचे नाव आले की माणूस नक्की होतो. सातबाऱ्यावर आपण आजही तेच करतो.

राजारामांच्या बाबतीत जागा विचारली तरी पुरते. ‘राजाराम महाराजांची समाधी कुठे आहे?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरे आहेत. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम १७०० साली सिंहगडावर वारले, त्यांची समाधी गडावर आहे. कोल्हापूरचे तरुण राजाराम युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांचे दहन तिथेच आर्नो नदीच्या काठी झाले, आणि तिथल्या बागेत त्यांची छत्री अजून उभी आहे.