सायकलची रिम व टायरची बैठक

सायकलच्या चाकाचे बाहेरचे कडे. आऱ्यांची टोके यात निपलांनी (आऱ्यांच्या टोकांवरील छोट्या नटांनी) ताणलेली असतात व टायर यावरच बसतो. टायरच्या दोन्ही कडा रिमच्या आतील खांद्यांवर सर्व बाजूंनी सारख्या टेकल्या, म्हणजे टायर नीट बसला असे समजतात.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यांचे (१८४५); जॉन बॉइड डनलॉप यांनी तो १८८८ मध्ये स्वतंत्रपणे घडवला, असे सामान्यतः मानतात. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असल्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होते. काढता-घालता येणाऱ्या टायरचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. अमेरिकी लेखक ते टॉमस जेफरी यांना देतात. ब्रिटनमध्ये विल्यम बार्टलेट व चार्ल्स किंग्स्टन वेल्च या दोघांची पेटंटे १८९० च्या सुमाराची. बार्टलेट यांच्या टायरची रबरी कड रिमच्या आत वळलेल्या काठात हवेच्या दाबाने अडकून राही. वेल्च यांनी कडेत न ताणणारी तार घातली व रिमचा मध्य खोल ठेवला. ‘क्लिंचर’ हे नाव पहिल्या पद्धतीचे असले, तरी आजचा टायर रचनेने वेल्च यांच्या वळणाचा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याला रिमवर धरून ठेवते ती मुख्यतः तार. हुकाचे, म्हणजे रिमच्या आत वळलेल्या काठाचे, काम दुय्यम.

म्हणून टायर व रिम यांच्या निवडीत निर्णायक ठरतो तो तार टेकते त्या जागेचा व्यास. इंची आकडे फसवे आहेत : ‘२८ इंची’ टायर ६२२ मिमी.चाही असतो आणि ६३५ मिमी.चाही. ६२२ व ६३० मिमी. यांत फरक अवघा ८ मिमी., पण एकाचा टायर दुसऱ्यावर चालत नाही. स्वस्त रिममध्ये वजनापेक्षा या व्यासाचा अचूकपणा व सांध्याची सपाटी पाहावी. वेल्ड न केलेला, पिनांनी जोडलेला सांधा दोन्ही टोके समपातळीत असल्यास पुरेसा भरवशाचा असतो. दुपदरी ॲल्युमिनियमची रिम एकपदरीपेक्षा सहसा ताठ असते. पोलादी रिमवर ओल्यात रिमब्रेकची (रिमवरच दाबणाऱ्या ब्रेकची) पकड फार कमी असते. हा दोष सुरक्षिततेचा असल्याने किमतीसाठी पत्करू नये.

टायर चढवताना कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने मधल्या खोबणीत उतरवीत यावे व शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. आऱ्यांची छिद्रे झाकणाऱ्या रिमटेपची पट्टी जाड असल्यास ही खोबण भरते आणि टायर चढेनासा होतो. नंतर व्हॉल्व्ह आत ढकलून कडेखाली ट्यूब चिमटली नसल्याची खात्री करावी, थोडी हवा भरावी आणि चाक फिरवून टायरवरील बारीक रेघ पाहावी. रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी ती बुडाल्यास हवा सोडून तेथे साबणाचे पाणी लावावे, हाताने टायर ओढून घ्यावा व पुन्हा हवा भरावी. टायर व रिम यांच्या कमाल दाबांपैकी कमी असेल तोच पाळावा. रेघ वरखाली असता चाक उडते. ती चूक पुष्कळदा रिमच्या माथी मारून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढण्यात वेळ दवडला जातो.

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरच्या कडा खांद्यावर चढताना बहुधा टणत्कार होतो. हुकविरहित रिमसाठी कमाल दाब ५ बार (बार हे दाबाचे एकक) ठरलेला आहे.