काळ्या कातळातली रेघ: सह्याद्रीतील प्रस्तरभंगांचा शोध

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढू लागले की रस्त्यासाठी तासलेल्या दरडींत एकावर एक बसलेले लाव्हाचे थर दिसतात. थराचा मधला भाग घट्ट आणि काळा असतो. माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो आणि त्या छिद्रांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे खडे भरलेले असतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पातळ पट्टा आढळतो. भूवैज्ञानिक त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. पहिला लाव्हा थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्याची ती खूण आहे.

अशा प्रदेशात प्रस्तरभंग, म्हणजे ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकले आहेत अशी भेग, शोधणे अवघड जाते. चुनखडी आणि वालुकाश्म आलटून पालटून असलेल्या डोंगरात सरकलेला थर नजरेत भरतो. येथे मात्र काळ्यासमोर काळाच खडक येतो. त्यामुळे ओळख पटेल असा थर आधी निवडावा लागतो: एखादा सलग रेड बोल, किंवा फेल्स्पार या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे स्फटिक असलेला बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. घाटवाटेने चढताना त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवायची आणि दरीच्या पलीकडच्या कड्यावर तोच थर कोणत्या उंचीवर आहे ते पाहायचे. उंचीत फरक आढळला तरी लगेच प्रस्तरभंग आखता येत नाही, कारण लाव्हा मुळातच उंचसखल जमिनीवरून वाहिलेला असू शकतो.

डोळ्यांना न दिसणारा फरक रसायनशास्त्राने दाखवला. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून पश्चिम घाटातील लाव्हाथरांचे गट पाडण्यात आले आणि पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही त्यांतील तीन गटांची नावे एकाच घाटाने दिली. हे गट अनेक किलोमीटर जोडत गेल्यावर असे लक्षात आले की थर जवळजवळ आडवे असले तरी दक्षिणेकडे एका अंशाहूनही कमी कोनाने उतरतात. कोकणात पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे स्पष्टपणे वाकलेले आहेत.

उपग्रहचित्रांवर सरळ दरी दिसली की तेथे प्रस्तरभंगाची रेघ मारण्याचा मोह अनेकांना होतो. कोयनेचेच उदाहरण घेता येईल: महाबळेश्वरहून दक्षिणेकडे सुमारे ६५ किलोमीटर वाहणारी ही नदी हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. परंतु नदी नुसत्या सांध्यांच्या दिशेनेही वाट कोरू शकते. सांध्यांत खडक तडकलेला असतो, सरकलेला नसतो. माझ्या मते अशा रेषांना प्रत्यक्ष खडकातील पुराव्याशिवाय प्रस्तरभंग म्हणू नये.

कोयना खोऱ्यात असा पुरावा भूकंपानेच पुढे आणला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि तोवर स्थिर मानल्या गेलेल्या या भूभागाबद्दलची समजूत बदलली. कोयना धरणाच्या दक्षिणेला दोनाचीवाडा परिसरात जमिनीला तिरप्या, एकाआड एक भेगा पडल्या होत्या. दोन बाजू परस्परांच्या तुलनेत आडव्या दिशेने सरकल्या की पृष्ठभागावर अशा भेगा उमटतात. त्यांचा एकूण रोख उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य होता, आणि भूकंपलहरींवरून काढलेली सरकण्याची दिशाही त्याच्याशी जुळणारी होती.

पुढे विमानातून गुरुत्वाकर्षणाचे व चुंबकत्वाचे सर्वेक्षण झाले आणि लायडारने, म्हणजे लेसर किरणांनी उंची मोजणाऱ्या तंत्राने, झाडीखालच्या जमिनीचा उठाव टिपला गेला. तरीही भूकंप ज्या खडकात होतात तो लाव्हाच्या खाली असल्याने शेवटी जमिनीत खोल छिद्रे घ्यावी लागली. कोयना परिसरातील रासाटी येथील छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे लाव्हाच्या खालचा जुना पायाखडक, लागला. मध्ये गाळाच्या खडकांचा थर नव्हताच. गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले, तेव्हा तोच पाया सुमारे १,२५० मीटरवर सापडला. या दोन आकड्यांतील फरक पाहून मध्ये तीनशे मीटरचा प्रस्तरभंग आहे असा निष्कर्ष घाईने निघू शकतो. मात्र ही खोली त्या त्या ठिकाणच्या जमिनीपासून मोजलेली आहे, आणि डोंगराळ मुलखात दोन छिद्रांची तोंडे क्वचितच एका पातळीवर असतात. म्हणून असे आकडे आधी समुद्रसपाटीशी जुळवून घेतले जातात आणि त्यानंतरच नकाशावर रेघ पडते: खडकात प्रत्यक्ष दिसलेल्या प्रस्तरभंगासाठी अखंड, अनुमानाने काढलेल्यासाठी तुटक, आणि माती-गाळाखाली झाकलेल्यासाठी ठिपक्यांची.