माज, कुत्रीचा

वयात आलेल्या कुत्रीच्या अंडाशयातील बीजे सुटण्याच्या सुमारास तिच्या शरीरात आणि वागण्यात ठरावीक क्रमाने जे बदल होतात, त्यांना आणि विशेषतः त्या काळातील नर स्वीकारण्याच्या अवस्थेला माज म्हणतात. हा शब्द मुळात गोठ्यातला आहे. मुंबईच्या सदनिकांत कुत्री पाळणारी मंडळी 'हीटमध्ये आली' किंवा 'गरम झाली' म्हणतात, आणि समागमाला सर्रास 'क्रॉसिंग' हा शब्द वापरला जातो. गोठ्यातल्या शब्दाबरोबर गोठ्यातला हिशेबही नकळत चालत आला आहे, आणि समागमाची वेळ चुकण्याचे ते एक मोठे कारण आहे. गाय सुमारे २१ दिवसांनी माजावर येते, तिचा माज एका दिवसाच्या आत ओसरतो आणि सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन (वीर्य आत सोडणे) करावे, असा साधा नियम तिला लागू पडतो. कुत्रीचा माज दिवसांनी नव्हे तर आठवड्यांनी मोजावा लागतो, आणि तिच्यासाठी असा घड्याळी नियम नाही.

बहुतेक कुत्र्या ५ ते १२ महिन्यांच्या अंतराने, सरासरी सातेक महिन्यांनी, माजावर येतात. बसेनजी आणि तिबेटी मॅस्टिफ या जाती वर्षातून एकदाच येतात. पहिला माज लहान जातींत सहाव्या ते दहाव्या महिन्यात दिसतो, तर ग्रेट डेनसारख्या थोराड जातींत दीड-दोन वर्षेही लागतात. 'भाद्रपदातली कुत्री' हा मराठी वाक्प्रचार निरीक्षणातूनच आलेला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे समागम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या तोंडापर्यंत अधिक दिसतात, आणि गणपतीच्या दिवसांत गल्लीत झुंडी जमल्या की दिवाळीच्या आसपास उभ्या गाड्यांखाली पिल्ले दिसू लागतात. घरात वाढलेल्या कुत्रीला मात्र ऋतूचे बंधन फारसे राहत नाही आणि ती कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते.

माजाच्या आरंभी होणाऱ्या रक्तस्रावाला अनेक जण 'पाळी' समजतात. ही तुलना दिशाभूल करणारी आहे. स्त्रियांमध्ये गर्भधारणा न झाल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्त जाते, म्हणजे तो चक्राचा शेवट असतो. कुत्रीत वाढत्या इस्ट्रोजेन या अंडाशयातील संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) गर्भाशयाच्या केशवाहिन्यांतून रक्त झिरपते, म्हणजे ती सुरुवात असते. रक्त थांबले की धोका टळला, असे मानून जो कुत्रीला मोकळी सोडतो तो तिला नेमकी फळण्याच्या दिवसांत सोडतो.

या पहिल्या टप्प्याला पूर्वमाज म्हणतात. तो सरासरी ९ दिवसांचा असला तरी ३ पासून १७ दिवसांपर्यंत चालू शकतो. निरण (योनीचे बाहेरचे ओठ) सुजते, लालसर स्राव येतो, नर मागे लागतात. पण कुत्री बसते, गुरगुरते किंवा फिरून अंगावर येते. फरशीवर पडलेला थेंब दिसला तो पहिला दिवस, असे घरातले लोक धरतात. प्रत्यक्षात स्वच्छतेची आवड असलेली कुत्री स्राव सतत चाटत राहते आणि पहिले तीन-चार दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. त्यापेक्षा माजाचा काळ जवळ आला की रोज सकाळी खाली फिरायला नेण्यापूर्वी पांढरा टिश्यू निरणाला हलकेच टेकवून पाहावा आणि रंग वहीत लिहून ठेवावा. गडद लाल, मग फिकट तांबूस, मग भाताच्या पेंढ्यासारखा पिवळट असा उतरता रंग बहुधा दिसतो. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की काही कुत्र्यांत शेवटपर्यंत लालच स्राव जातो, आणि काहींत तो जवळपास दिसतच नाही. अशा माजाला मूक माज म्हणतात.

दुसरा टप्पा खऱ्या माजाचा. तोही सरासरी ९ दिवसांचा, पण ३ ते २१ दिवसांत कितीही. सुजलेली निरण आता मऊ पडते. कुत्रीच्या कमरेवर, शेपटीच्या बुडाशी हात ठेवला की ती पाय रोवून उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवते. हे लक्षण महत्त्वाचे आहे. मात्र ते तयारीचे लक्षण आहे, बीज तयार झाल्याचा पुरावा नव्हे.

हा फरक समजण्यासाठी अंडाशयात काय घडते ते पाहिले पाहिजे. पूर्वमाजाच्या अखेरीस इस्ट्रोजेन उतरू लागते, प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेला पोषक संप्रेरक चढू लागते आणि त्या सुमारास बीज सोडवणाऱ्या ल्युटिनायझिंग हार्मोनची एक लाट येते. लाटेनंतर सुमारे २ दिवसांनी बीजे सुटतात. येथे कुत्री बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळी ठरते, कारण तिची बीजे अपक्व अवस्थेतच सुटतात. बीजवाहिनीत आणखी २ ते ३ दिवस गेल्यावर ती फळण्याजोगी होतात आणि त्यानंतर साधारण २ ते ३ दिवस टिकतात. म्हणजे समागमाचा उत्तम काळ बीज सुटल्यानंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान येतो. नराचे शुक्राणू मात्र कुत्रीच्या शरीरात आठवडाभर जिवंत राहू शकतात. त्यामुळे आधी झालेला समागमही फळतो, आणि 'दहाव्या-बाराव्या दिवशी क्रॉसिंग करा' हा रूढ सल्ला अनेकदा निव्वळ शुक्राणूंच्या चिवटपणामुळे खरा ठरतो. एखादी कुत्री सातव्या दिवशी बीज सोडते, एखादी पंचविसाव्या. रक्ताच्या पहिल्या थेंबापासून मोजलेला दिवस दोघींनाही सारखाच लावला, तर एकीची वेळ उलटून गेलेली असते आणि दुसरीची आलेली नसते. कुत्री वांझ आहे किंवा नर कमजोर आहे असा निष्कर्ष काढण्याआधी हा हिशेब तपासलेला बरा.

नेमका दिवस ठरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत ओलसर केलेला कापसाचा बोळा असलेली काडी योनीत आधी पाठीच्या कण्याच्या दिशेने आणि मग पुढे सरकवून पेशींचा नमुना काचपट्टीवर घेतात. पूर्वमाजाच्या आरंभी गोल, ठळक केंद्रक असलेल्या पेशी आणि त्यांच्यात विखुरलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसतात. माज भरात आला की पेशी सुकलेल्या पोह्यांसारख्या चपट्या, कडेला कोनदार आणि केंद्रक हरवलेल्या दिसतात. ही तपासणी स्वस्त असली तरी बीज कधी सुटणार हे ती आधी सांगत नाही. दुसरी पद्धत रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजण्याची. पूर्वमाजात ते १ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असते, लाटेच्या सुमारास २ ते ३ पर्यंत चढते आणि बीज सुटताना साधारण ४ ते ८ च्या घरात असते. एकाच आकड्यावर विसंबू नये, दर दुसऱ्या दिवशी नमुना देऊन चढण पाहावी, आणि सर्व नमुने एकाच प्रयोगशाळेत द्यावेत. काही अहवालांत हे मान नॅनोमोल प्रति लिटर या वेगळ्या एककात असते. तेथील आकडा सुमारे ३.२ ने भागल्याशिवाय तुलना करता येत नाही.

नर-मादी समागमात एकमेकांत अडकतात. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ फुगून ही अडकण होते आणि ती ५ पासून ३० मिनिटांपर्यंत टिकते. अशा जोडीवर पाणी फेकणे किंवा ओढून सोडवणे हा रस्त्यावरचा जुना क्रूर खेळ आहे. त्यात दोघांनाही इजा होते आणि गर्भधारणाही टळत नाही, कारण शुक्राणू आधीच आत गेलेले असतात. कृत्रिम रेतनाचा इतिहासही कुत्रीपासूनच सांगितला जातो. इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी कुत्रीत केलेल्या यशस्वी रेतनाचा वृत्तांत १७८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कुत्रीला ६२ दिवसांनी तीन पिल्ले झाली. गोठवलेल्या वीर्यातील शुक्राणू अल्पायुषी असल्याने तेथे प्रोजेस्टेरॉनची तपासणी टाळता येत नाही.

माजानंतर पीतपिंडे (बीज सुटलेल्या जागी अंडाशयात तयार होणाऱ्या गाठी) सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतात, मग कुत्री गाभण असो वा नसो. म्हणूनच नर न भेटलेली कुत्रीही कधी आचळांना दूध आणते, चपला-खेळणी गोळा करून सोफ्याखाली पिल्लांसारखी राखते. ही खोटी गर्भावस्था बहुधा आपोआप ओसरते. माजानंतरच्या दोन महिन्यांत कुत्री सुस्तावली, फार पाणी पिऊ लागली आणि अन्न सोडू लागली, तर मात्र गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्यावा. स्राव बाहेर येत नसेल तर तो प्रकार अधिक घातक, आणि थांबून पाहण्यासारखा नाही. गर्भकाळ बीज सुटल्यापासून मोजला तर जवळपास अचूक ६३ दिवसांचा भरतो. समागमापासून मोजला तर ५७ ते ७२ असा सैल होतो. मुंबईत हौसेने पाळल्या जाणाऱ्या फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत पुष्कळदा शस्त्रक्रियेने पिल्ले काढावी लागतात. पिल्लांची फुप्फुसे अगदी अखेरच्या दिवसांत परिपक्व होतात, त्यामुळे तेथे पंधरा दिवसांचा सैलपणा परवडत नाही.

श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार व्यावसायिक प्रजननासाठी कुत्री किमान १८ महिन्यांची असावी लागते आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पहिल्याच माजात क्रॉसिंग उरकण्याची घाई त्यामुळे नियमातही बसत नाही. समागमापूर्वी दोघांची ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूसाठी तपासणी करावी. समागमातून पसरणारी जननेंद्रियांची संसर्गजन्य गाठ भटक्या कुत्र्यांत नेहमी आढळते, म्हणून सोसायटीच्या फाटकाशी झालेला अपघाती समागम केवळ नको असलेल्या पिल्लांपुरता राहत नाही. एका वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही येथेच नोंदवावे. ठरलेला समागम झाल्यावर कुत्रीला पुढचे आठ-दहा दिवस साखळीशिवाय खाली नेले, तर वंशावळीच्या कागदाला अर्थ उरत नाही.

मुंबईत पशुवैद्यकाचे शिक्षण परळच्या महाविद्यालयात १८८६ पासून दिले जाते. शेजारचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय लोकांच्या तोंडी आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' आहे, जरी तेथे कुत्री-मांजरेही येतात. प्रजनन नको असल्यास अंडाशय व गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करतात. पाळीव कुत्रीत ती माज संपून दोन-तीन महिने झाल्यावर करणे पसंत केले जाते, कारण माजात तेथील रक्तवाहिन्या तट्ट भरलेल्या असतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत, जेथे प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ लागू होतात, एवढी निवड करायला वाव नसतो. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. अशी खाच असलेल्या कुत्रीमागेही भाद्रपदात नर लागलेले दिसले, तर अंडाशयाचा लहानसा तुकडा आत राहिल्याची शक्यता असते, आणि तिची शहानिशा वर सांगितलेल्या काचपट्टीने व प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीनेच होते.