वारकरी की पाणकोंबडी?

डिसेंबर-जानेवारीत नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, उघड्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे तरंगतात. बघणारे सर्रास 'बदकं' म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते वारकरी नावाचे पाणपक्षी असतात. आणि वारकरी ओळखू यायला लागला की पुढचा घोळ पाणकोंबडीशी होतो, कारण दोघेही एकाच कुळातले आणि अंगाने काळसर.

कपाळ आधी बघा. वारकऱ्याची चोच पांढरी आणि तिला लागूनच कपाळावर पांढरी ढाल. संतांच्या पैठणात हा पक्षी गंध लावूनच आल्यासारखा दिसतो. पाणकोंबडीची ढाल लाल, चोच लाल, टोक तेवढं पिवळं. शिवाय तिच्या कुशीवर तुटक पांढरी रेघ आणि शेपटीखाली दोन पांढरे डाग असतात. वारकऱ्याची कूस कोरी.

चूक होते ती वाढत्या पिल्लांच्या बाबतीत. दोघांच्याही चोची मळकट असतात, लाल-पांढऱ्याचा आधार राहत नाही. वारकऱ्याचं पिल्लू राखाडी, गळा-छातीला पांढुरकं. पाणकोंबडीचं तपकिरी, पण शेपटीखालचा पांढरा रंग त्याही वयात असतो आणि पोहताना ते शेपटी सारखी झटकतं, त्यामुळे तो लांबूनही चमकतो.

खरा फरक पायांत आहे. वारकरी काठावर चढला की दुर्बिणीतून त्याची बोटं नीट बघा. बदकासारखा सलग पडदा नसतो. पेरापेराला चपट्या पाळ्या असतात. पाय मागे रेटताना त्या उघडून पाणी ढकलतात, पुढे घेताना मिटतात. म्हणून तो खोल पाण्यात बुडी मारून शेवाळ-पाणवनस्पती उपटून वर आणतो. पाणकोंबडीची बोटं लांबसडक, बिनपाळीची, तरंगत्या वनस्पतींवर चालायला सोयीची. ती पाणकणसात, बेशरमीच्या झुडपांत काठाकाठानेच राहते. गावतळ्यात, ओढ्यातही भेटते.

जायकवाडीला 1986 साली अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर. जलाशय पसरट आणि उथळ, म्हणून पाणवनस्पती भरपूर; वारकऱ्यांची गर्दी त्यामुळेच. काही इथलेच असतात, हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्यांची भर पडते. पाणी ओसरून गाळपेरीची जमीन उघडी पडते तसा काठ रोज सरकतो. गेल्या महिन्यात जिथे पाणकोंबडी दिसली, तिथे आज कोरडा गाळ असू शकतो.

धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. भिंतीकडून बघायचं तर सकाळीच जा, ऊन पाठीशी येतं. संध्याकाळी सूर्य समोर असतो, तेव्हा ढालीचा रंग कळत नाही, सगळेच काळे. होडी थव्यात घालू नका: वारकऱ्याला उडण्यासाठी पाण्यावर लांबवर टपाटपा धावावं लागतं, त्यात चरणं मोडतं आणि अंगातली ताकद वाया जाते. मोजताना आधी दहाचा एक गठ्ठा नजरेत बसवा, मग थव्यात असे गठ्ठे किती ते मोजा. काही जण बुडी मारून खाली असतात, म्हणून दोन-तीन मिनिटांनी तोच थवा पुन्हा मोजून मोठा आकडा लिहा.