जुन्या पिकअपचे हेडलाइट आणि वायरिंग

जुन्या पिकअप गाडीच्या हेडलाइटला डॅशखालच्या स्विचमधून न देता बॅटरीपासून थेट, रिलेमार्फत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत) वीजपुरवठा देणे आणि त्याच हाताने अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याची वाट), फ्यूज व चार्जिंगची व्यवस्था नव्याने बांधणे, या कामाला गॅरेजमध्ये ‘रिले टाकणे’ किंवा सरसकट ‘वायरिंग करणे’ म्हणतात. अमेरिकेत शेवरले, फोर्ड, डॉजच्या जुन्या पिकअप जपणाऱ्यांचे हे नेहमीचे काम आहे. महाराष्ट्रात ते जीपच्या सांगाड्यावरच्या पिकअप, टाटा २०७ आणि त्या पिढीच्या मालवाहू गाड्यांवर होते. भाजीपाला भरून रात्री घाट उतरणाऱ्या गाडीचा मालक ‘लाइट कमी पडतो’ म्हणत वायरमनकडे येतो, तेव्हा बहुतेक वेळा जास्त वॉटचा बल्ब आधीच विकत घेऊन आलेला असतो. तक्रार खरी असते, औषध चुकीचे असते.

व्होल्ट कुठे मुरतात

जुन्या बनावटीत दिव्यांचा पूर्ण करंट स्विचमधून जातो. बॅटरीतून निघालेली वायर केबिनमध्ये येते, लाइट स्विच ओलांडते, तिथून डिपर स्विचकडे (हाय आणि लो बीम बदलणाऱ्या स्विचकडे) जाते आणि पुन्हा इंजिनाच्या बाजूला उतरून दोन्ही दिव्यांपर्यंत पोचते. अनेक अमेरिकन पिकअपमध्ये डिपर स्विच डाव्या पायाखाली, फरशीवर असे. चिखल, पाणी, बुटाची माती सगळे त्याच्यावर. लाइटच्या खेचायच्या बटणातच सर्किट ब्रेकर असल्याने भार जास्त झाला की दोन्ही हेडलाइट आपोआप विझत आणि थोड्या वेळाने पुन्हा लागत. अंधाऱ्या रस्त्यावर हा अनुभव कसा असेल ते सांगायला नको.

एच-४ हा दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे हाय बीमला (लांबच्या उजेडाला) ६० आणि लो बीमला (जवळच्या, खाली झुकलेल्या उजेडाला) ५५. दोन बल्ब मिळून हाय बीमवर १२ व्होल्टला १० अँपिअर खेचतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. अशा ६ मीटर वायरीतून १० अँपिअर गेले की नुसत्या तांब्यात १ व्होल्टपेक्षा जास्त जातो. हा हिशोब नव्या वायरीचा झाला. प्रत्येक कपलर (वायरी जोडणारा प्लग), स्विचचा झिजलेला पॉइंट आणि पिळून टेप गुंडाळलेला जोड आपापला वाटा वेगळा घेतो. एवढ्याशा फरकाचे काय, असे वाटते खरे. पण तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घातात कमी होतो. १३.२ व्होल्टला लो बीमवर सुमारे १,००० ल्युमेन देणारा बल्ब ११.६ व्होल्टवर ६५० च्या आसपास येतो आणि १०.५ व्होल्टवर ४६० पर्यंत घसरतो. प्रकाश पिवळट, तांबूस होतो तो वेगळाच.

याची तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकते. होल्डर काढून त्यात मल्टिमीटरच्या पिना घातल्या तर मीटर बॅटरीएवढेच व्होल्टेज दाखवतो, कारण बल्ब नसल्याने करंटच वाहत नसतो. वायरमन म्हणतो, ‘सप्लाय ओके आहे.’ मोजमाप बल्ब लावून, दिवे चालू ठेवून, इंजिन थोडे रेस करून घ्यावे लागते. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलला आणि काळी पिन होल्डरच्या मागून बल्बच्या प्लसला टेकवली की स्विचच्या बाजूने किती व्होल्ट मुरले ते थेट आकड्यात दिसते. मग एक पिन बल्बच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. दोन्ही आकडे मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील तर वायरिंगला हात लावण्याचे कारण नाही, काच-रिफ्लेक्टर तपासावा. रिफ्लेक्टरचा पारा उडालेला असेल तर कितीही व्होल्ट देऊन उपयोग होत नाही.

रिले

रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच. जुना लाइट स्विच आता फक्त रिलेच्या कॉइलला करंट देतो, तोही जेमतेम ०.२ अँपिअरच्या आसपास. दिव्यांचा मोठा करंट बॅटरीतून जाड वायरीने, जवळच्या रस्त्याने जातो. रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मन प्रमाणानुसार ठरलेले आहेत: ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ वरून दिव्याला, ८५ आणि ८६ कॉइलला. लो बीमला एक, हाय बीमला एक असे दोन रिले लागतात. जुन्या होल्डरपैकी एक रिले चालवण्यासाठी वापरता येतो, त्यामुळे मूळ वायरिंग कापावे लागत नाही. बाजारात मिळणारे तयार ‘वायरिंग किट’ याच तत्त्वावर असते, मात्र त्यातली वायर कधीकधी आतून बारीक आणि वरून प्लास्टिकने जाड असते. थोडे सोलून तांबे पाहिल्याशिवाय किट घेऊ नये. २.५ चौरस मिलिमीटरच्या खऱ्या तांब्याच्या दीड मीटर वायरीत १० अँपिअरला साधारण ०.११ व्होल्ट जातो, यावरून फरक लक्षात येईल.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो बल्बसाठी नसतो, त्याच्या पुढची वायर जळू नये म्हणून असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरीचा तंतू गुंडाळण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे; तंतू काही उडत नाही, वायरच पेटते. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज द्यावेत. एक उडाला तरी गाडी एका दिव्यावर कडेला घेता येते.

रिलेचा एक तोटाही आहे. बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळू लागले की त्याचे आयुष्य कमी होते, आणि अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या वर जात असेल तर बल्ब भराभर जातात. आधी वायरिंगच्या रोधाने हा दोष झाकलेला असतो.

अर्थिंग

एच-४ बल्बमध्ये दोन तंतूंना एकच सामाईक अर्थ असतो. एका दिव्याचा अर्थ तुटला की लो बीमचा करंट परतीची वाट शोधत त्याच बल्बच्या हाय बीमच्या तंतूतून उलटा जातो आणि दुसऱ्या दिव्याच्या हाय बीममधून अर्थला पोचतो. मग त्या बल्बचे दोन्ही तंतू मंद लाल दिसतात आणि डॅशवरचा निळा दिवा, हाय बीम लावलेले नसताना, मिणमिणतो. इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट लुकलुकणे हेही त्याच घराण्यातले लक्षण. दिव्याच्या पत्र्यावर रंग आणि गंज यांचा थर असतो, कोकणात वरून खारी हवा. तिथे स्क्रू कितीही आवळला तरी भरवसा नाही. दोन्ही दिव्यांची स्वतंत्र काळी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी, इंजिन आणि चासी यांच्यातली पट्टीही बदलावी. जुन्या टोयोटा पिकअपमध्ये मात्र दिव्यांना प्लस कायम येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. नेहमीचे किट तिथे तसेच लावले तर चालत नाही.

अमेरिकन पार्श्वभूमी

अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांपासून ७ इंची गोल सीलबंद दिवा प्रमाण ठरला. काच, रिफ्लेक्टर, तंतू सगळे एकसंध. तंतू तुटला की अख्खा दिवा फेकायचा. चौकोनी दिवे १९७५ च्या मॉडेलांवर आले आणि बदलता येणाऱ्या बल्बला परवानगी १९८३ मध्ये मिळाली. युरोपात एच-४ तोवर दहा-बारा वर्षे जुना झाला होता. ७ इंची माप मात्र जगभर राहिले. जीपला बसणारा एच-४ चा डोम (काच आणि रिफ्लेक्टरचा संच) म्हणूनच त्या काळच्या अमेरिकन पिकअपलाही बसतो.

फोर्डच्या पिकअप १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि प्लस अर्थच्या (बॅटरीचा प्लस सांगाड्याला जोडलेल्या) होत्या, १९५६ पासून १२ व्होल्ट, मायनस अर्थ. अशी गाडी १२ व्होल्टवर आणताना वायरी सहसा चालतात, कारण तेवढ्याच वॉटला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागत असल्याने त्या मुळातच जाड होत्या. बल्ब, इग्निशन कॉइल आणि मीटर यांची सोय वेगळी करावी लागते. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणे हा पुढचा टप्पा. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. १९७३ पासून शेवरलेच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर पोटातच आला आणि तो सुटसुटीत असल्याने इतर गाड्यांवरही चढला. इथे एक धोका आहे. जुन्या डॉज पिकअपमध्ये चार्जिंगचा सगळा करंट डॅशवरच्या अँमीटरमधून (करंट मोजणाऱ्या मीटरमधून) फिरून येतो. मोठा अल्टरनेटर लावून ही वाट तशीच ठेवली तर फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचा) कपलर वितळतो, अँमीटरच्या मागे धूर निघतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर टाकून अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर लावणे हा सरळ मार्ग.

बल्ब, एलईडी आणि कायदा

१००/९० वॉटचा बल्ब मूळ वायरिंगवर लावला तर दोन बल्बांना हाय बीमवर १६ अँपिअरच्या वर करंट लागतो. व्होल्टेज आणखी पडते, होल्डर तपकिरी होऊन चुरतो आणि प्रकाश अपेक्षेइतका वाढतच नाही. एलईडी बल्ब करंट कमी खातो, तरी तो वेगळाच गोंधळ घालतो. एच-४ च्या लो बीमच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत जात नाही. एलईडीच्या चिप दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात आणि त्या तंतूच्या नेमक्या जागी क्वचितच येतात. भिंतीवर झगझगाट दिसतो, रस्त्यावर प्रकाश विखुरतो. परदेशातून मागवलेल्या डोमची अडचण निराळी: उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांच्या काचेचा उजवा भाग वर उचललेला असतो, म्हणजे आपल्याकडे नेमका समोरच्या चालकाच्या तोंडावर. युरोपीय प्रमाणाच्या काचेवर आडवा बाण असेल तर ती डाव्या बाजूने वाहतुकीसाठी आहे असे समजावे.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. रिलेने दिव्याचा प्रकार किंवा वॉट बदलत नाही, म्हणून तो दुरुस्तीच्या जवळचा. जास्त वॉटचे बल्ब आणि छपरावरच्या दिव्यांच्या रांगा तशा नाहीत.

फोकस लावणे

लो बीम साधारण १ टक्का खाली झुकलेला हवा, म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली. ८० सेंटिमीटर उंचीच्या दिव्याचा उजेड मग ८० मीटरवर जमिनीला टेकतो. पिकअपमध्ये हे गणित माल बिघडवतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३ मीटर धरले, तर मागचे पाटे पुढच्यापेक्षा अवघे ३ सेंटिमीटर जास्त दबले की सगळा झुकाव संपतो, आणि टोमॅटोचे क्रेट भरल्यावर पाटे त्याहून कितीतरी जास्त दबतात. गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीवर लावलेला फोकस बाजार समितीच्या वाटेवर झाडांच्या शेंड्यांवर पडतो तो यामुळे. ज्या गाड्या एरवी भरूनच धावतात त्यांचा फोकस माल चढवून लावावा. रिकाम्या परतीला उजेड जवळ पडतो, तेवढे सोसावे.