लेसर केलं तरी चाळीशी लागतेच की

परवा राजारामपुरीत मिसळ खाल्ली, बिल आलं तर मित्रानं ते हात लांब करून करून बघितलं आणि शेवटी माझ्याकडं सरकवलं, "वाच भावा, किती झालं ते." हा गडी तिशीत चष्म्याचा नंबर घालवायला डोळ्याचं लेसर करून आलेला, रंकाळ्यावरनं शालिनी पॅलेस बिनचष्म्याचा दिसतोय म्हणून तेव्हा महिनाभर डोकं खाल्लं होतं सगळ्यांचं. आता म्हणतोय लेसर उतरलं. उतरलं बितरलं काही नाही, शालिनी पॅलेस अजून तसाच दिसतोय की त्याला.

घोळ असाय, डोळ्यात फोकस करणाऱ्या गोष्टी दोन. पुढं कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि मागं भिंग, जे जवळचं बघताना फुगतं. लेसर चालतं फक्त कॉर्नियावर, वरचा पापुद्रा उचलायचा, खालचा थर अतिनील किरणांनी तासायचा, एका नंबरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पापुद्रा परत बसवायचा. हे किरण मांस न जाळता कापतात हे मूळच्या मद्रासच्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर बघितलं (आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्यानंतर काही उरतच नाही, त्यामुळं शोध तिकडं लागला). पण वय चढतं ते भिंगावर. ते लहानपणापासनंच हळूहळू ताठ होत असतं आणि चाळीस-पंचेचाळीसला जवळचं अडायला लागतं, म्हणून तर आपण त्या चष्म्यालाच चाळीशी म्हणतो. लेसर तिथं पोचतच नाही.

आता मायनसवाल्यांनी, म्हणजे लांबचं अंधुक दिसणाऱ्यांनी, एक हिशोब करा, १०० भागिले तुमचा नंबर, येईल तेवढ्या सेंटिमीटरवर बिनचष्म्याचं स्वच्छ दिसतं. माझा अडीच, म्हणजे ४० सेंटिमीटर, पेपर मी तिथंच धरतो. गुजरीतले आमचे काका मायनस तीनवाले, साठी उलटली तरी चष्मा कपाळावर ढकलून नथीत मोती ओवतात. लेसरनं नंबर शून्य केला की ही फुकटची चाळीशी गेली. एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवायचीपण सोय आहे, पण आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून बघा, सगळ्यांना ते झेपत नाही, रात्री गाडी चालवताना तर जास्तच.

पंचविशीतल्या पोरांचं वेगळं, त्यांच्यापुढं पंधरा-वीस वर्षं मोकळी आहेत, नंबर वर्षभर स्थिर असेल आणि कॉर्निया पातळ किंवा शंकूसारखा नसेल तर करावं खुशाल, काही महिने डोळे कोरडे पडतात कारण कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात. तालमीत जाणाऱ्यांनी मात्र बिनपापुद्र्याच्या पद्धतीचं विचारा, मार बसला तर पापुद्रा सरकू शकतो.

आणि फाईल जपा. पुढं मोतीबिंदूला आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं ते कॉर्नियाच्या आकारावरनं काढतात, लेसरनं तो बदललेला असतो त्यामुळं हिशोब चुकू शकतो, तेव्हा जुने आकडे कामाला येतात. मित्राला विचारलं तुझी फाईल कुठाय, तर म्हणाला रद्दीत गेली असेल बघ.