वीजदर फेरआढावा (ग्रामीण विदर्भ)

वीज वितरण कंपनी ग्राहकांकडून जे दर आणि जी शुल्के घेते, ती बदलण्याआधी तिचा खर्च तपासणे, लोकांच्या हरकती ऐकणे आणि मग नवे दर ठरवणे, या प्रक्रियेला वीजदर फेरआढावा म्हणतात. कायद्याच्या भाषेत हे ‘दरनिश्चिती’चे काम आहे. विदर्भातल्या खेड्यात त्याला वेगळे नाव नाही. एप्रिल-मे महिन्यात ‘लाईट बिल वाढून आलं’ असे कोणी म्हणाले की फेरआढावा होऊन गेला, असे समजावे.

दर कोण ठरवते, याविषयी गावोगावी गैरसमज आढळतो. अमेरिकेतल्या काही शहरांत वीजपुरवठा नगरपालिकेच्याच मालकीचा असतो. तेथे दर आणि शुल्कातल्या बदलांवर पालिकेच्या सभागृहात चर्चा होते आणि नगरसेवक मत देतात. महाराष्ट्रात नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत यांना असा अधिकार नाही. मुंबईची बेस्ट ही महापालिकेचा उपक्रम असली, तरी तिचेही दर राज्य वीज नियामक आयोगच ठरवतो. ग्रामीण भागात सहकारी तत्त्वावर वीज वाटणारी मुळा-प्रवरा ही अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली संस्था २०११ पर्यंत काम करत होती. तिचे दरही आयोगाच्याच कक्षेत होते. विदर्भातल्या खेड्यांची वितरक महावितरण ही सरकारी कंपनी आहे. तिच्या दरपत्रकापुढे ग्रामपंचायत ही ग्राहकच असते, फक्त जरा मोठी आणि बहुधा थकबाकीदार.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. पुढची जवळजवळ चार दशके दर मंडळ आणि सरकार यांच्यातच ठरत. हरकत घ्यायची तर आमदाराच्या दारात जावे लागे. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. २००३ च्या विद्युत अधिनियमाने दरांचे काम त्याच्याकडे पक्के केले आणि जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या झाल्या. अधिनियमाच्या कलम ६२ खाली दर ठरतात. कलम ६४ प्रमाणे कंपनीला आपला अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या खर्चातल्या चढउताराप्रमाणे लागणारा आकार, सोडला, तर वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा दर बदलता येत नाहीत.

प्रत्यक्षात आढावा बहुवार्षिक पद्धतीने होतो. कंपनी पुढच्या काही वर्षांची ‘वार्षिक महसुली गरज’ मांडते. वीजखरेदी, पारेषण, पगार, दुरुस्ती, कर्जाचे व्याज, घसारा असे सगळे त्यात येते. मागच्या वर्षांत अंदाजापेक्षा जास्त खर्च झाला असेल, तर ती तूटही पुढच्या दरांत चढवली जाते. हे सगळे मांडणारी कंपनीची याचिका जाडजूड असते. मराठी गोषवारा उपलब्ध असतो, पण वाद ज्या आकड्यांवर व्हायला हवा ते तक्त्यांमध्ये दडलेले असतात. ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, तिची प्रत कंपनीला पोचवायची, कंपनीचे उत्तर घ्यायचे आणि मग जनसुनावणीत उभे राहून बोलायचे, असा क्रम आहे.

विदर्भासाठी सुनावणी नागपूर आणि अमरावती येथे होते. नागपूर विभागातल्या सहा आणि अमरावती विभागातल्या पाच, अशा अकरा जिल्ह्यांनी या दोन शहरांत यावे, अशी ही व्यवस्था. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. कामाचा दिवस, गाडीभाडे आणि मुक्काम सोसून माईकसमोर काही मिनिटे बोलायला मिळतात. साहजिकच सभागृहात उद्योजक, व्यापारी संघटनांचे पदाधिकारी आणि शहरी ग्राहक चळवळीतले जुने लोक जास्त दिसतात. वावर सोडून आलेला शेतकरी क्वचित. कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आयोग ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. आयोगाच्या अनेक आदेशांत मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूरची उद्योग संघटना आणि नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन अशी चार नावे एकत्र येतात. विदर्भाच्या वाट्याला आलेले नाव कारखानदारांच्या संघटनेचे आहे. त्या संघटनेने दरांवर अभ्यासू हरकती घेतल्या आहेत, हे खरे. पण कोरडवाहू कापूसवाल्याची बाजू मांडणे हे तिचे काम नव्हे.

ग्रामसभेने वीज दरवाढीविरुद्ध ठराव घेतला, तर त्याचे वजन एका हरकतीएवढेच असते. शिवाय तो मुदतीत आणि ठरलेल्या नमुन्यात पोचला तरच. पुष्कळ ठराव तहसीलदाराला किंवा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात दिले जातात. तेथे शिक्का मिळतो, आणि दराच्या बाबतीत पुढे काही होत नाही, कारण ते त्या टेबलाचे काम नसते.

ग्रामपंचायतीवर दरबदलाचा भार दोन ठिकाणी पडतो : पथदिवे आणि नळयोजना. दरपत्रकात सार्वजनिक पाणीपुरवठा आणि पथदिवे हे वेगळे वर्ग आहेत. पथदिव्यांच्या वर्गात ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा एका गटात, तर महानगरपालिका दुसऱ्या गटात येतात. गावकरी घरपट्टी आणि पाणीपट्टीबरोबर दिवाबत्ती कर भरतात, पण त्या करातून खांबावरच्या दिव्यांचे बिल निघणे अवघड. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यात ठिकठिकाणी पथदिव्यांची जोडणी तोडली गेली. ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याच्या सूचना आल्या, तेव्हा सरपंचांनी नाराजी व्यक्त केली. जो पैसा रस्ता-नाली-शाळाखोलीसाठी धरला होता, तो विजेत जाणार होता. दुसरी अडचण तारखांची आहे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्यापूर्वी तयार होते. दरांचे आदेश मात्र ३० मार्च २०२०, ३१ मार्च २०२३, २८ मार्च २०२५ असे वर्षाच्या शेवटच्या दिवसांत आले. ग्रामसेवकाने जुन्या दराने धरलेली तरतूद एप्रिलमध्येच तोकडी पडते.

कृषिपंपांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर आकारणी होते, म्हणजे पाच एचपीची मोटर वर्षभर चालली काय आणि विहीर डिसेंबरातच आटली काय, आकार तोच. बऱ्याच आदेशांत अशा पंपांसाठी महावितरणच्या परिमंडळांचे, म्हणजे तिच्या प्रादेशिक विभागांचे, दोन गट केले गेले. प्रति अश्वशक्ती वर्षाला १३१८ तासांच्या वर वापर असलेला एक आणि खालचा दुसरा. अमरावती आणि नागपूर परिमंडळे खालच्या गटात होती. विदर्भातले ओलित कमी आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. बिनमीटरच्या पंपांनी किती वीज ओढली, हा शेवटी अंदाज असतो. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी तेवढी कमी दिसते, ही हरकत सुनावण्यांत जुनी आहे.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात सरकार भरते. कलम ६५ चा नियम असा की सरकारला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम त्याने वितरकाला आगाऊ द्यावी. त्यामुळे शेतीच्या दरातल्या वाढीचा बोजा या काळात राज्याच्या तिजोरीवर जातो आणि शेतकऱ्याच्या हातात शून्याचे बिल येते. तेव्हापासून खेड्यातला तंटा दरापेक्षा तासांवर आहे. तो आधीही तसाच होता, फक्त आता लपत नाही. कृषी वाहिनीला, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाईनीला, दिवसा काही दिवस आणि रात्री काही दिवस, अशा पाळीने पुरवठा होत आला. रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री मोटर सुरू करायला जाणे सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. वरुड-मोर्शीत संत्र्याच्या बागेचा ताण सोडताना, म्हणजे फुलोऱ्यासाठी तोडलेले पाणी पुन्हा सुरू करताना, पाणी चुकले, तर बहरच हातचा जातो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना सुरू आहे. पण वीज किती तास, कोणत्या वेळी आणि कोणत्या दाबाने मिळावी, हे दरपत्रकाच्या एकाही ओळीत लिहिलेले नसते. डीपी (रोहित्र) जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत बदलावी, असे आयोगाच्या कार्यमानकांत आहे. ओलिताच्या दिवसांत वर्गणी काढून ट्रॅक्टरवर डीपी नेणारे शेतकरी हा नियम ऐकून हसतात.

घरगुती बिलात दर हा शब्द फसवा आहे. २०२४-२५ मध्ये पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे होता. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज तारांवरून पोचवण्याचा), महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. १०० युनिट जाळणाऱ्याचे बिल इंधन समायोजन न धरता सुमारे ८३१ रुपये होते, म्हणजे युनिटला सव्वाआठ रुपयांहून जास्त. त्याच घरात उन्हाळ्यात कूलर लागला आणि वापर १३० वर गेला, तर बिल सुमारे १,२२९ रुपये. वाढलेल्या तीस युनिटांचेच चारशे. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात कूलर ही चैन नाही, त्यामुळे स्लॅबची, म्हणजे वापराच्या टप्प्याची, ही पायरी विदर्भाला जास्त बोचते. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी महिना ३० युनिटांपर्यंतचा स्वतंत्र वर्ग आहे. त्याच्या पलीकडे गेले की तीही सवलत सुटते.

शुल्के, म्हणजे नवी जोडणी, मीटर तपासणी, पुनर्जोडणी वगैरेंचे आकार, यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सर्वांत जास्त गोंधळ सुरक्षा ठेवीचा होतो. २०२१ च्या विनियमांनुसार ती सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असते. दर वाढले की सरासरी वाढते, आणि उन्हाळ्यात नेहमीच्या बिलासोबत ठेवीच्या फरकाचे दुसरे बिल घरी येते. ठेवीवर व्याज मिळते, पण ते बिलात वळते होत असल्याने नजरेत भरत नाही.

विदर्भाचा स्वतःचा असा एक युक्तिवाद सुनावण्यांत नेहमी ऐकू येतो. कोराडी, खापरखेडा, पारस, मौदा, २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर आणि ३,३०० मेगावॅटचे तिरोडा, ही औष्णिक केंद्रे इथली. कोळसा, पाणी आणि राख इथली. दर मात्र महावितरणच्या सगळ्या क्षेत्रात एकच. मग जवळच्याला स्वस्त का नाही? आयोगाच्या चौकटीत दर ग्राहकवर्गावर ठरतो, केंद्रापासूनच्या अंतरावर नाही, त्यामुळे हा मुद्दा नोंदवला जातो आणि तेथेच थांबतो. सवलत मिळाली ती सरकारकडून आणि उद्योगांना : २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या कारखान्यांसाठी. राखेच्या बंधाऱ्यालगतच्या गावांना तिचा उपयोग नव्हता.

आदेश निघाला की विषय संपतोच असे नाही. २८ मार्च २०२५ च्या आदेशाने दर कमी केले. महावितरणच्या विनंतीवरून आयोगाने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली आणि २५ जून २०२५ रोजी सुधारित आदेश काढला. दरांवर दाद मागायची तर दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जावे लागते. चुकीचे रीडिंग, सरासरी बिल किंवा नोटिशीशिवाय तोडलेली जोडणी यांची तक्रार महावितरणच्या कार्यालयातून ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथून विद्युत लोकपालाकडे नेता येते. राज्यात लोकपालाची दोन कार्यालये आहेत, त्यांपैकी एक नागपूरला आहे. जोडणी तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे कलम ५६ ने बंधनकारक आहे.